दुसऱ्यांची कामे मांडण्याआधी

चि. मैत्रेयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू जे विचारलेस त्याचे उत्तर मी तेव्हा टाळले, कारण ते दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. इतर कलावंतांचे प्रदर्शन रचण्याचे, म्हणजे क्युरेटरचे, काम तुझ्याकडे चालून आले आहे आणि ते स्वीकारले तर आपले शिल्पाचे व व्हिडिओचे काम मागे पडेल, लोक आपल्याला कलावंत म्हणून मोजणार नाहीत, अशी तुला धास्ती आहे. त्यात तुझ्या काकांनी ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ हे ऐकवून ठेवलेच आहे. काकांना म्हणी पुष्कळ पाठ आहेत. त्या कुठे लागू पडतात याचा विचार ते सहसा करत नाहीत. माझे मत आधीच सांगते: काम घे. मात्र का घ्यायचे, हे तुला स्वतःला स्पष्ट असायला हवे, आणि त्यासाठी जितीश कल्लाट यांची वाटचाल नीट पाहा.

मी इतिहास शिकवत आले, त्यामुळे या माणसाकडे माझे लक्ष चित्रांमुळे गेले नाही, कागदपत्रांमुळे गेले. मुंबईत १९७४ साली जन्मलेल्या, तिथल्याच जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेल्या या कलावंताने २००३ साली नेहरूंचे स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचे भाषण घेतले, त्याचे अक्षर न् अक्षर रबराच्या चिकटद्रवाने आरशांवर हाताने लिहिले आणि पेटवून दिले. अक्षरे जळून काळी पडली, आच लागून आरसे वाकले, आणि वाचायला समोर उभ्या राहिलेल्या माणसाला त्या वाक्यांमागे स्वतःचा वेडावाकडा चेहरा दिसू लागला. आदल्याच वर्षी गुजरातेत काय घडले होते हे ज्याला आठवते, त्याला हा आरसा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २००७ मध्ये दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचे, ११ मार्च १९३० चे गांधीजींचे भाषण त्यांनी हाडांच्या आकाराच्या अक्षरांत मांडले. फायबरग्लासची ती अक्षरे साडेचार हजारांच्या आसपास आहेत. पुढे ११ सप्टेंबर २०१० रोजी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांचे १८९३ चे भाषण उजळले. ते भाषण झाले तो दिवसही ११ सप्टेंबरच होता, आणि दिव्यांचे पाच रंग होते अमेरिकी सरकारच्या दहशतवादी धोक्याच्या इशाऱ्याचे.

यात रंगाचा ब्रश कुठेच नाही, हे तुझ्या लक्षात आले असेलच. आरसा, फायबरग्लास, दिवे, जिना, तारीख अशी साधने बदलत गेली. जुने शब्द आजच्या माणसापुढे ठेवले तर ते काय करतात, हा प्रश्न मात्र तोच राहिला. कुठला मजकूर घ्यायचा, तो कुठे ठेवायचा, त्याच्या शेजारी काय यायला हवे आणि पाहणाऱ्याला कुठे उभे करायचे, याचे निर्णय ते क्युरेटर होण्याच्या कितीतरी आधीपासून घेत होते. म्हणून १२ डिसेंबर २०१४ रोजी कोची-मुझिरिस बिनालेची, म्हणजे केरळात दर दोन वर्षांनी भरवायच्या कलाप्रदर्शनाची, दुसरी आवृत्ती त्यांच्या हातून उभी राहिली, तेव्हा ते आपले काम सोडून दुसरीकडे गेले असे मला वाटले नाही. तीस देशांतील ९४ कलावंतांना एकत्र आणताना त्यांनी दोन धागे धरले होते: केरळच्या मध्ययुगीन गणित-खगोल परंपरेने आकाशाकडे पाहणे आणि त्याच किनाऱ्यावर समुद्रमार्गाने परकीयांनी येणे. शिल्पकार अनीश कपूर यांचा जमिनीतून खाली ओढला जाणारा काळ्या पाण्याचा भोवरा त्या विचारात असा बसला, की सुटा पाहिला असता तर तो एवढा अस्वस्थ करता ना.

२०२२ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील साऊथॅम्प्टनच्या जॉन हॅन्सर्ड गॅलरीत रचलेले प्रदर्शन मला याहूनही महत्त्वाचे वाटते. त्याच्या केंद्रस्थानी गांधीजींची पाच वापरलेली पाकिटे होती. २ जून १९४७ हा सोमवार, म्हणजे त्यांच्या मौनाचा वार. माउंटबॅटन फाळणीच्या योजनेविषयी बोलत होते आणि गांधीजी पाकिटांच्या मागील बाजूवर उत्तरे लिहीत होते. मी वर्गात फाळणी कितीदा शिकवली, पण या पाकिटांभोवती सीमा आणि ताटातूट या विषयांवरची इतर कलावंतांची कामे मांडावीत, ही कल्पना इतिहासाच्या शिक्षकाला सुचत नाही. ती त्यालाच सुचते, ज्याने स्वतः असा मजकूर हाताळण्यात बरीच वर्षे घातली आहेत.

आणि हे एकट्याचे उदाहरण नाही. २०१२ साली कोचीचा हा उपक्रम सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही कलावंतच, जे. जे. मध्ये शिकलेले. पुढचे क्युरेटरही कलावंतच: २०१६ ला सुदर्शन शेट्टी, २०१८ ला अनिता दुबे. दुबे तर आधी कलेचा इतिहास शिकून समीक्षा लिहीत होत्या आणि मग शिल्पाकडे वळल्या, म्हणजे प्रवास उलट्या दिशेनेही होतो. ज्यांचे स्वतःचे काम चालत नाही ते क्युरेटर होतात, असे तुला जो कोणी म्हणाला त्याला ही नावे सांग.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते लिहिते. स्वतःच्या कामात तू आरसा जाळू शकतेस. दुसऱ्याच्या कामाला साधा ओरखडा आला तरी तुला जाब द्यावा लागेल. कोचीच्या बिनालेची २०२२ ची आवृत्ती आठव. क्युरेटर होत्या मुंबईत जन्मलेल्या आणि सिंगापुरात काम करणाऱ्या शुबिगी राव; त्याच वर्षी व्हेनिसच्या बिनालेत त्यांनी सिंगापूरचे प्रतिनिधित्व केले होते. एवढ्या ताकदीची कलावंत असूनही कोचीचे १२ डिसेंबरला ठरलेले उद्घाटन ऐन वेळी २३ तारखेपर्यंत लांबले, आणि सहभागी कलावंतांनी व्यवस्थेतील गोंधळाविषयी जाहीर पत्र लिहिले. उशिरा पोहोचलेले खोके, गळके छप्पर, वेळेत न मिळालेले पैसे अशा गोष्टींवर क्युरेटरची प्रतिभा चालत नाही, पण कलावंत मात्र तिच्याकडेच बघतात.

तेव्हा होकार देण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर आण. तुझे मानधन किती आणि कोणत्या टप्प्यांत, कलावंतांना मानधन आहे की नुसतीच ‘संधी’, वाहतूक व विमा कोणाच्या खर्चाने, हे करारपत्रात असू दे. तोंडी आश्वासनांवर विसंबू नकोस. प्रत्येक काम खोक्यातून बाहेर काढताच चारही बाजूंनी फोटो घे आणि ते कोणत्या स्थितीत आले याची नोंद करून कलावंताची सही घे. भिंतीवर लावायचा मजकूर ज्याचा त्याला आधी दाखव. दुसऱ्याच्या कामाचा अर्थ आपल्या सोयीने लावून तो भिंतीवर चिकटवणे हा मला या पेशातला सर्वांत वाईट प्रकार वाटतो, आणि सराईत मंडळी तो बिनदिक्कत करतात.

स्वतःचे काम या प्रदर्शनात ठेवू नकोस. ठेवणारे ठेवतात आणि कधी ते योग्यही असते, परंतु पहिल्या खेपेला लोक तुझ्या कामाकडे पाहतील आणि बाकीच्यांची कामे त्याची पार्श्वभूमी होतील. तुझा स्टुडिओही या काळात बंद पडू देऊ नकोस. आठवड्यातले काही दिवस त्याचेच, हे गॅलरीला सुरुवातीलाच सांगून टाक. नंतर सांगितले की तो रुसवा ठरतो.

कल्लाट यांचे आणखी एक काम आहे, २०१०-११ सालचे. वडिलांच्या आयुष्यात जितके चंद्र उगवले तितके सगळे त्यांनी छायाचित्रांत मांडले, एका चौकटीत एक महिना, आणि प्रत्येक चंद्र म्हणजे थोडीथोडी खाल्लेली पोळी. ते पाहून तुझे बाबा म्हणाले, पोरीने माझ्यावर असले काही करू नये, मला भातच आवडतो. तू हे प्रदर्शन रचण्याला त्यांचाही होकार आहे, फक्त करारपत्र सही करण्याआधी त्यांच्याकडे पाठव; आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला त्यातल्या पळवाटा आपल्यापेक्षा लवकर दिसतात. कलावंतांची यादी ठरली की मलाही कळव, आणि प्रत्येकाचे नाव का, तेही त्याच पत्रात लिही.

तुझी,
आई