पोषण आहाराच्या पाकिटाचा हिशेब मातांपुढे मांडावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अंगणवाडीतून घरी नेण्यासाठी दिल्या जाणाऱ्या पोषण आहाराच्या पाकिटांच्या निकृष्ट दर्जाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेले वृत्त आणि त्यावरील वाचकांची पत्रे मी वाचली. ठेकेदारावर कारवाई करावी, पाकिटे प्रयोगशाळेत पाठवावीत, असा बहुतेक पत्रांचा रोख होता. ते व्हावेच. परंतु गुहागर तालुक्यातील एका गावात वडिलांच्या काळापासून चालत आलेले किराणा दुकान सांभाळणारा माणूस म्हणून मला या प्रश्नाची एक निराळी बाजू दिसते. माझ्याकडे येणारे गिऱ्हाईक माल हातात घेऊन बघते, भाव विचारते, आणि डाळीत खडे निघाले तर दुसऱ्या दिवशी पुडी परत आणून चार माणसांदेखत माझ्यापुढे ठेवते. अंगणवाडीचे पाकीट घेणाऱ्या मातेला यातले काहीच करता येत नाही, कारण त्या पाकिटापोटी सरकारने किती पैसे मोजले आणि तिच्या बाळाच्या वाट्याला काय व किती यायला हवे होते, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते.

या संदर्भात ब्रिटनमधील जानेवारी २०२१ चे प्रकरण आठवण्यासारखे आहे. कोरोनामुळे तिथल्या शाळा बंद झाल्यावर, शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गरीब मुलांच्या घरी एका खासगी कंपनीमार्फत शिध्याची पार्सले पाठवण्यात आली. एका आईने आपल्याला मिळालेले पार्सल जमिनीवर मांडून त्याचा फोटो ट्विटरवर टाकला: एक पाव, दोन बटाटे, दोन गाजरे, तीन सफरचंदे, दोन केळी, एक टोमॅटो, बीन्सचा एक डबा, चीजच्या चकत्या आणि अशाच काही किरकोळ वस्तू. हे सामान ३० पौंडांच्या कुपनाऐवजी, दहा दिवसांसाठी आहे अशी तिची समजूत होती, आणि बाजारभावाने तिने हिशेब केला तेव्हा ते ५ पौंड २२ पेन्सचे निघाले. पार्सल पाचच दिवसांचे होते आणि बांधणी व वाहतूक धरून त्याचे साडेदहा पौंड आकारले होते, असा खुलासा कंपनीने केला, पण तिला माफी मागावी लागली. या मुलांच्या जेवणासाठी आधीपासून आवाज उठवणारा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने हा विषय लावून धरला, पंतप्रधानांनाही निषेध करावा लागला आणि आठवड्याला १५ पौंडांची कुपने पुन्हा सुरू झाली.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की, त्या आईजवळ ताडून पाहायला एक आकडा होता. तो आकडा तिला ठाऊक नसता, तर तिचा फोटो म्हणजे एका गरीब बाईची कुरकूर एवढेच त्याचे मोल झाले असते. आपल्याकडे नेमके तेच होते. पाकीट वाईट आहे असे माता एकमेकींत बोलतात, सेविकेला ऐकवतात, आणि फुकट मिळते त्याला नावे कशाला ठेवायची, असे घरातलेच कुणीतरी वडीलधारे म्हणते, की विषय तिथेच मिटतो.

वास्तविक हे फुकट मिळणारे दान नव्हे. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला तेव्हाच त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी दिवसाला ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण घालून दिले होते. त्यासाठीचा दर २०१७ मध्ये ठरला तो बालकामागे दिवसाला ८ रुपये, मातेमागे ९ रुपये ५० पैसे आणि तीव्र कुपोषित बालकामागे १२ रुपये असा. हा दर तुटपुंजा आहे यात वाद नाही. तरीही महिन्याचे २५ दिवस धरले तर एका बालकाचे २०० रुपये होतात, आणि माझ्या दुकानातल्या किरकोळ भावानेसुद्धा एवढ्या पैशांत एक किलो नाचणी, अर्धा किलो कुळीथ, अर्धा किलो गूळ आणि पाव किलो शेंगदाणे बसतात. ठोक खरेदी करणाऱ्याला यापेक्षा अधिक परवडायला हवे. ज्या मातेला हा २०० रुपयांचा आकडा माहीत आहे ती हातातल्या पाकिटाकडे निराळ्या नजरेने पाहील, आणि ते पुरवणाऱ्यालाही त्या नजरेची जाणीव राहील.

घरी नेण्याच्या या आहाराला आमच्याकडे सेविकांपासून मातांपर्यंत सगळे टीएचआरच (टेक होम रेशन) म्हणतात. त्याचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलत गेले. आधी शिरा, उपमा, सुकडी यांची तयार पिठे होती, मधल्या काळात गहू, डाळ, हरभरा, मीठ, हळद असा कोरडा शिधा आला आणि पुन्हा तयार मिश्रणांची पाकिटे आली. कोरडा शिधा निदान ओळखीचा होता आणि घरच्या चुलीवर शिजत होता. तयार पिठाचे तसे नाही. त्याला येणारा कोंदट गोडसर वास लहान मुलाला सोसत नाही, ते दोन घास खाऊन तोंड फिरवते, आणि उरलेले पीठ गुरांच्या आंबोणात जाते. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या आजूबाजूच्या वाड्यांमध्ये कुणालाही विचारावे. मूल न खाणाऱ्या पिठाच्या पाकिटावर प्रथिनांचे ग्रॅम कितीही अचूक छापलेले असले, तरी ती प्रथिने अखेर म्हशीच्या पोटात जातात.

त्यात आमचा पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत मिठाला पाणी सुटते, गूळ पाझरतो आणि दळलेल्या पिठाला पंधरवड्यात जाळी धरते. मी स्वतः पावसाळ्यात आठवड्याच्या विक्रीपुरतेच पीठ आणतो आणि तेही फळीवर, भिंतीपासून सुटे ठेवतो. अंगणवाडीला मात्र दोन-दोन महिन्यांची पाकिटे एकदम येतात आणि ती पुष्कळदा गळक्या छपराच्या खोलीत, लादीवर रचली जातात. सड्यावरच्या किंवा खाडीपलीकडच्या वाडीत ती पोहोचायला आणखी काही दिवस जातात. छापील मुदत संपलेली नसते, पण कोरड्या हवेच्या गोदामात ठरवलेल्या मुदतीचा कोकणातल्या आषाढात काय उपयोग? याबाबत दोष सेविकेला देऊन चालणार नाही. ती त्याच वाडीतली लेक किंवा सून असते, बंद पाकिटे मोजून घेते आणि मोजून देते, त्यांच्या आत काय आहे यावर तिचा काडीचाही अधिकार नसतो. तक्रार केली तर आपल्याच सेविकेला त्रास होईल, म्हणून कितीतरी माता गप्प राहतात, हेही अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. कातकरी वाड्या, धनगरवाडे, आंबा बागांत राखणीला राहणारी नेपाळी कुटुंबे, होड्यांवरच्या खलाशांची बिऱ्हाडे, यांचा आवाज तर तालुक्याच्या गावापर्यंतही पोहोचत नाही.

शाळेच्या पोषण आहारात परिस्थिती जराशी बरी आहे, ती यासाठी की तिथे अन्न सर्वांसमोर शिजते. २०१५ च्या नियमांप्रमाणे मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकासह मोठ्या माणसांनी ते चाखून पाहायचे असते, चवीची नोंदवही असते, आणि जेवण देता आले नाही तर त्याबदल्यात धान्य व पैशांच्या रूपाने भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. मात्र टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि शिजलेल्या अन्नाऐवजी कोरडा शिधा आला, तेव्हा ही देखरेख बाजूला पडली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण आहे; सहावी ते आठवीसाठी ते दीडपट आहे. आमच्याकडे तांदूळ आणि कडधान्य आले, कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम आले. भाजी, तेल आणि मसाल्याचा वाटा कडधान्यात वळता केला होता की नाही, हे एकाही पालकाला सांगता येत नव्हते. त्या वेळी शिजवण्याचा खर्च प्राथमिकला दिवसाला ४ रुपये ९७ पैसे होता. शाळेच्या फळ्यावर हा एक आकडा लिहिला असता, तरी पालकांनी बाकीचा हिशेब स्वतः केला असता.

पाकिटे बंद करून मातांच्या खात्यात रोख रक्कम जमा करावी, असेही काहींनी सुचवले आहे. तसे झाले तर त्यातला बराचसा पैसा माझ्याच गल्ल्यात येईल, तरीही मला ते पटत नाही. ज्या घरात आधीची उधारी आहे तिथे महिन्याचे २०० रुपये बाळाच्या नावाने वेगळे राहत नाहीत, ते आधी उधारीत वळते होतात. ती वही मीच लिहितो, म्हणून हे ठामपणे सांगू शकतो. आहार वस्तूंच्याच रूपात मिळावा, परंतु तो इथल्या घरांत खाल्ला जाणारा असावा. नाचणी, कुळीथ, चवळी, कडवे वाल आणि तांदूळ आपल्याच जिल्ह्यांत पिकतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि कुळथात २० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. ५० वर्षांहून अधिक काळ दापोलीला आपले कृषी विद्यापीठ आहे, नाचणीचे सत्त्व आणि कुळथाचे पीठ करणारे महिला बचत गट प्रत्येक तालुक्यात आहेत. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, गावातील समूह, बचत गट आणि महिला मंडळांकडून तो घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच दिला होता. (सुकट-जवळ्यासारख्या सुक्या मासळीचे नाव मी मुद्दाम घेत नाही. शाळेच्या आहारातल्या अंड्यावरूनच एवढे वाद झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा वेगळा निधीही थांबवला.)

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांनी आणि रायगडनेही येत्या जूनपूर्वी एवढे तरी करावे. प्रत्येक अंगणवाडीच्या दारावर प्रत्येक लाभार्थ्याचे महिन्याचे वजन, जिन्नस आणि सरकार मोजत असलेली रक्कम मोठ्या अक्षरांत लिहावी आणि तीच माहिती पाकिटावरही छापावी. माल उतरताना हजर असलेल्या मातांपैकी दोघींनी आपल्या पसंतीची काही पाकिटे फोडून, तोलून, शिजवून बघावीत आणि त्या नापसंत करतील तो माल पोच न देता परत पाठवण्याचा अधिकार त्यांच्या सहीला असावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पुरवठा दरमहा व्हावा आणि दळलेल्या पिठाऐवजी अख्खे धान्य द्यावे. परत गेलेल्या मालाच्या बदली माल किती दिवसांत आला याची नोंद ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी, आणि बदली माल आला नाही तर शाळेच्या नियमाप्रमाणे इथेही पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भत्ता द्यावा आणि तो पुरवठादाराच्या बिलातून वसूल करावा.

आपला,
एक किराणा दुकानदार
ता. गुहागर, जि. रत्नागिरी