मोरचुदाची बादली

वरूड तालुका, 22 जून

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोन आला की तू आधी आजीची चौकशी करतेस आणि लगेच तुझ्या गोगलगायींच्या काचेच्या टाकीची. गेले पंधरा दिवस मी "सगळं बरं आहे" एवढंच सांगत आलो. ते खरं नव्हतं. सहापैकी चार गोगलगायी गेल्या. पिवळी आणि भुरी तेवढ्या उरल्या आहेत. त्या चार उन्हाने गेल्या नाहीत, वयानेही नाही. माझ्या हातून गेल्या. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहायला बसलो आहे.

तू वसतिगृहात गेलीस त्याला चारच दिवस झाले होते. पाऊस लागायच्या आत संत्र्याच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावायची होती. मागच्या साली धुऱ्याकडच्या आठ झाडांना खोडातून डिंक गळायचा डिंक्या रोग आला होता, त्यामुळे यंदा मी एकही झाड सोडणार नव्हतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवत नाहीत, प्लास्टिकचंच लागतं, म्हणून घरातली हिरवी बादली वावरात नेली. दिवसभर खोडं रंगवली. सांजच्याला घरी येऊन बादली दोन पाण्यांनी विसळली, हात धुतले. टाकीचं पाणी उन्हाने चार बोटं उतरलं होतं. तू जाताना सांगितलं होतंस की पाणी उतरू देऊ नका. मी त्याच बादलीने बोअरचं पाणी भरलं आणि टाकीत ओतलं.

रात्री जेवायच्या वेळी छोटू म्हणाला, "बाबा, सगळ्या वर चढल्या." मी पाहिलं तर सहाही जणी पाणी सोडून काचेवर, झाकणापाशी. मला वाटलं, उकाड्याने श्वास घ्यायला आल्या असतील. ताई, मी त्यांना एकेक करून काचेवरून अलगद सरकवलं आणि परत पाण्यात सोडलं. त्या पाण्यातून पळत होत्या आणि मी त्यांना त्याच पाण्यात घालत होतो. हे मला अजून आठवतं आणि जेवण जात नाही.

सकाळी चार तळाशी होत्या. चांगल्या गोगलगायीच्या पायाला बोट लावलं की ती अंग आत ओढते आणि ते शिंगासारखं तपकिरी झाकण दारासारखं बसतं, हे तूच मला दाखवलं होतंस. या चौघींचा पाय बाहेर लोंबत होता. बोट लावलं, थोडं दाबलं, झाकण मिटेना. तळहातावर घेतली तर वजन तेवढंच, पण आत ओढ नाही. पिवळी आणि भुरी रात्रीतून पुन्हा वर चढून झाकणाच्या कोपऱ्यात, पाण्याबाहेर चिकटून होत्या. म्हणून वाचल्या. मी खाली घातलेलं त्यांनी ऐकलं नाही.

माझ्या डोक्यात तेव्हाही ऊनच होतं. आजी न्हाणीपाशी बादली उचलून बघत होती. काठाच्या दुमडीत, जिथे बोट पोचत नाही, तिथे निळी रेघ होती. ती म्हणाली, "हे त मोरचुदाची बादली व्हय ना रे बाप्पा!"

मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. मासा सहन करील एवढं तांबंसुद्धा गोगलगायीला सोसत नाही, मारून टाकतं. गप्पी मासे तर दुसऱ्या दिवशी तसेच फिरत होते, त्यामुळे पाणी चांगलं आहे असंच कोणालाही वाटलं असतं. तुझ्या पुस्तकात 'पायला' नावाने यांच्यासारखीच जी गोगलगाय आहे ती वाचताना तू मला सांगितलं होतंस की हिच्या रक्तात आपल्यासारखं लोह नाही, तांबं असतं, म्हणून रक्त निळसर. मग तांब्याने ती मरते कशी, हा प्रश्न मला पडला. अमरावतीच्या ॲक्वेरियमच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, रक्तातलं तांबं शरीराने आपल्या हिशोबाने बांधून ठेवलेलं असतं. पाण्यात विरघळलेलं तांबं कल्ल्यांतून आणि उघड्या अंगातून आत शिरतं आणि अंगातल्या क्षारांचा मेळ बिघडवतं. त्यानेच हेही सांगितलं की माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मिळणाऱ्या काही औषधांत तांबं असतं. कपाटातली तुझी निळी बाटली काढून पाहिली. चिठ्ठीवर कॉपर सल्फेट, म्हणजे मोरचूदच, लिहिलेलं होतं. ती बाटली आता गोठ्यातल्या फवारणीच्या कपाटात कुलपात आहे. मासे आजारी पडले तर त्यांना वेगळ्या बरणीत काढून औषध द्यायचं, टाकीत नाही. आणि कोणी खडेमीठ टाका म्हणालं तर तेही नाही. माशांना थोडं चालून जातं, गोगलगायीला नाही.

दोघींना मी लगेच लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत स्वच्छ पाण्यात ठेवलं. टाकी रिकामी केली, वाळू फेकली, कारण त्यात तांबं धरून राहतं. पाणी गाळायचा स्पंज नवा घातला. आठ दिवस रोज थोडं पाणी बदललं आणि मगच दोघी परत गेल्या. टाकीच्या पाण्यासाठी वरूडहून पांढरी बादली आणली आहे, पांढरी अशासाठी की डाग दिसावा. ती तुझ्या टेबलावरच्या खिळ्याला टांगलेली असते. पाणी घ्यायचा मग आणि पाइपसुद्धा वेगळे. आजी म्हणाली, माझ्या तांब्याच्या कळशीने भरत जा, ती रोज घासलेली असते. तिला सांगितलं की कळशीतलं रात्रीचं पाणी तू पी, यांना नको. तिला वाईट वाटलं नाही. ती आता येणाऱ्याजाणाऱ्यालाही सांगते.

वावरातून आल्यावर मी थेट टाकीत हात घालत नाही. कपाशीवर फवारणी केली त्या दिवशी तर टाकीचं सगळं छोटूकडे. त्यालाही नियम आहे: आधी साबणाने हात धुवून भरपूर पाण्याने खळाळायचे, आणि नंतरही साबणाने धुवायचे, कारण गोगलगायीच्या पाण्यातून माणसाला जंतू लागू शकतात. डासांचं मलम लावलेला हात चालत नाही. ग्रामपंचायतीची धूरफवारणी आली की एअर पंप बंद करून टाकीवर ओली चादर टाकतो, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात ओढतो. डासांची अगरबत्तीही त्या खोलीत लावत नाही.

पाण्याचं सांगतो. नळाला ज्या दिवशी पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा वास येतो त्या दिवशीचं पाणी टाकीला लावत नाही. एरवी नळाचं घ्यावं लागलं तर उघड्या बादलीत एक दिवस-रात्र ठेवून मग. छोटूने एकदा आरओच्या जारचं पाणी ओतायला घेतलं होतं, शुद्ध म्हणून. त्याला थांबवलं. शंख चुन्याचा असतो, आणि त्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो. आंबट पाण्यात तर शंखच झिजतो, टोकाशी पांढरा खरखरीत होतो. आपल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून तुझी आई इतकी वर्षं कुरकुर करते, ते जड पाणी यांना मात्र मानवतं. शिवाय पाखरांच्या दुकानातून समुद्रफेन आणून एक तुकडा टाकीत ठेवला आहे. भुरीच्या शंखाच्या कडेला हरभऱ्याच्या सालाएवढी नवी फिकट पट्टी आली आहे. नखाने टोकरायचा मोह होतो, पण ती कोवळी असते.

उन्हाळा जड गेला. पाण्याच्या तापमापकाचा काटा दुपारी 33 अंशांवर जायचा आणि यांना 28 च्या आतलं बरं. पाणी तापलं की त्यात हवा कमी मुरते. टाकी मी पश्चिमेच्या भिंतीपासून काढून माजघरात, जिथे आजीचा माठ असतो, तिथे आणली. मागच्या काचेला ओलं पोतं, वरून जाळीचं झाकण आणि त्यावर छोटा पंखा. एवढ्याने दोन-तीन अंश उतरतात. बर्फाची बाटली मी एकदाच सोडली; पाणी एकदम गार पडलं आणि पिवळी दिवसभर मिटून बसली. पुन्हा केलं नाही. पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटं जागा कायम ठेवतो, कारण यांना वरची हवाही लागते. लाइट गेली की पिवळी वर येते, मानेच्या डाव्या बाजूची ती सोंडेसारखी नळी पाण्याबाहेर काढते आणि अंग मागेपुढे हलवून भात्यासारखी हवा भरून घेते. कंदिलाच्या उजेडात छोटू आणि मी हे बराच वेळ पाहत बसलो होतो. पण झाकण उघडं राहिलं तर त्याच वाटेने ती बाहेर पडते आणि जमिनीवर पडून शंख तडकतो. जाळीवर म्हणूनच मी दोन चपटे दगड ठेवले आहेत.

खायला दोडका, पालक, भोपळा, एकेक फोड वाफवून. औषध मारलेली भाजी नको, म्हणून परसातलीच देतो. सकाळी ठेवलेलं सांजेला काढतोच, नाहीतर या गरमीत पाणी नासतं. दोडक्याच्या फोडीवर भुरी बसली की कान देऊन ऐक: झाकण उघडं असेल आणि पंप बंद असेल तर बारीक खरखर ऐकू येते.

मधे छोटूने नाल्यातून चपट्या, गोल गुंडाळलेल्या सात-आठ गोगलगायी डब्यात आणल्या. टाकीत घालतो म्हणाला. मी त्याला रागावलो नाही, पण डबा ओट्यावरही ठेवू दिला नाही. मी लहान असताना आपल्याकडे एक बैल होता, तो जागा असतानाही घोरायचा. नाकातून शेंबूड, कधी रक्त. डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या नाकाच्या शिरांत कृमी आहेत आणि ते डबक्यातल्या अशाच चपट्या गोगलगायींतून येतात. रानातल्या गोगलगायीच्या अंगात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पाळायच्या त्या दुकानातल्या, आणि त्याही आधी दोन आठवडे वेगळ्या बरणीत. छोटूने डबा जिथून आणला होता तिथेच परत सोडला आणि कोपरापर्यंत हात धुतले.

आता ज्यासाठी तुझं मत हवं आहे ते. 16 तारखेला सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला गुलाबी घड दिसला, तुतीच्या फळाएवढा. भुरीने रात्रीतून अंडी घातली. नर तर आता उरला नसेल असं मला वाटलं होतं, पण दुकानदार म्हणाला की माद्या नराचं बीज महिनोन् महिने साठवून ठेवतात. घडाला पाणी लागलं तर पिल्लं बुडतात आणि फार वाळला तरी जातात, म्हणून मी जाळीवर ओलं फडकं ठेवतो. दोन ते चार आठवड्यांत फुटेल. पन्नासही निघतील, दीडशेही. आपल्या दोन फुटी टाकीत साधारण पंचावन्न लिटर पाणी मावतं. दहा लिटरला एक, या हिशोबाने पिवळी-भुरी धरून पाचच.

शेजारचे भाऊ म्हणाले, "नाल्यात सोडून द्या, जगतील बिचाऱ्या." त्यांनाच परवा मी वावरात गोगलगायी मारायचे मेटाल्डिहाईडचे दाणे टाकताना भेटलो होतो, आणि तेव्हा तेच म्हणाले होते, "वावरात मारता अन् घरात पोसता, काऊन भाऊ?" मी त्यांना समजावून सांगितलं. वावरातली ती शंखी गोगलगाय आपल्या देशाची नाहीच, आफ्रिकेतली आहे. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून आणलेली जोडी कलकत्त्याच्या एका बागेत सोडली. 2022 मध्ये लातूर, बीडकडे तिने सोयाबीनची कोवळी रोपं किती खाल्ली ते आपण बातम्यांत पाहिलं. पिवळी-भुरीची जातही इथली नाही, दक्षिण अमेरिकेतली. आपल्या नाल्यात, तळ्यात, विहिरीत यातलं एकही पिल्लू जाणार नाही. टाकीचं काढलेलं पाणीसुद्धा मी नाल्यात ओतत नाही, अंगणातल्या कढीपत्त्याला घालतो, आणि ओतताना गाळणी धरतो.

तर दोनच रस्ते आहेत. घड फुटू द्यायचा, तीन ठेवायच्या आणि बाकीच्या तू अमरावतीच्या दुकानदाराला नेऊन द्यायच्या. तो घेतो म्हणाला आहे, पण वाटाण्याएवढ्या झाल्यावरच, म्हणजे दोन-तीन महिने त्यांना सांभाळायचं. नाहीतर घड आत्ताच काढून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि मग मातीत पुरायचा. आजी म्हणते राहू दे. छोटूने पंधरा नावं लिहून काढली आहेत. मला ठेवावीशी वाटतात, पण सोयाबीनच्या फवारणीचे दिवस तोंडावर आहेत आणि हात माझेच असणार आहेत. टाकी तुझी आहे, म्हणून ठरव तू.

राग आला असेल तर राग कर, पण फोन कर. येताना बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ये, दोनदा लाइट गेली होती. पैसे पाठवले आहेत. आईने तुझ्यासाठी शेवया करून ठेवल्या आहेत.

घड आज सहा दिवसांचा आहे. रविवारच्या फोनवर सांग.

तुझे,
बाबा