मदत कशी करावी हे माझ्या मुलाला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण कृष्णेच्या घाटावर मुलांना पोहायला शिकवता, हे सांगलीत बहुतेकांना ठाऊक आहे. पोहण्याच्या जोडीने आपण माझ्या मुलाला आणखी एक गोष्ट शिकवलीत. तिच्याबद्दल आभार मानण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण लहान मुले असलेल्या प्रत्येक घराला त्याचा उपयोग होईल अशी माझी खात्री आहे.

माझा मुलगा मुळातच कनवाळू. स्वतःचा डबा दुसऱ्याला देऊन उपाशी राहणे, मित्राचा गृहपाठ रात्री जागून आपणच लिहून काढणे, हे त्याचे नेहमीचे. त्याला आवरावे तर मूल आपल्यापुरते पाहायला शिकेल आणि मोकळे सोडावे तर एखाद्या दिवशी स्वतःच संकटात सापडेल, अशा पेचात आम्ही दोघेही होतो. मुलांना मदत करायला सर्वच जण सांगतात, पण ती कशी करावी हे सांगणारे फार थोडे भेटतात.

शिकताना पाठीला बांधलेला तरंगायचा डबा सुटून चार हात मारता येऊ लागले की आता आपण कोणालाही वाचवू शकतो असे मुलांना वाटू लागते. नेमक्या त्याच दिवसांत आपण सगळ्यांना पायऱ्यांवर बसवून सांगितलेत की कोणी बुडताना दिसले तरी मुलांनी पाण्यात उडी घ्यायची नाही. नुसता नियम सांगून आपण थांबला नाहीत. आपण स्वतः पाण्यात उतरलात, कॉलेजात जाणाऱ्या एका तगड्या पोहणाऱ्याला आपल्याला वाचवायला बोलावलेत आणि तो जवळ येताच त्याच्या गळ्याला अशी मिठी मारलीत की त्याला एकही हात मारता येईना. बुडणारा माणूस वैरी नसतो, तो फक्त जीव वाचवायला धडपडत असतो आणि त्या धडपडीत वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो, हे मुलांना तिथे डोळ्यांनी दिसले. त्यानंतर काय करायचे तेही आपण करून दाखवलेत. आधी मोठ्यांना हाक मारायची आणि कोणाला तरी 112 वर फोन करायला सांगायचे. मग पायरीवर पालथे पडून बांबू किंवा पंचा पुढे करायचा, म्हणजे आपण ओढले जात नाही. माणूस लांब असेल तर दोरी बांधलेला कॅन त्याच्या पलीकडे फेकून दोरीने त्याच्या हातापर्यंत आणायचा, आणि फेकण्यापूर्वी त्या कॅनमध्ये थोडे पाणी ठेवून झाकण घट्ट लावायचे, कारण अगदी रिकामा कॅन वाऱ्यावर भलतीकडे जातो. बुडणारा ओरडेलच असे नाही, त्याला श्वास घ्यायलाच उसंत नसते, हेही मला आपल्याकडूनच समजले.

पाण्याबाहेरही आपण त्याला असेच घडवलेत. देवळातून परतणाऱ्या एका अंध आजोबांचा दंड धरून तो त्यांना पायऱ्यांवरून ओढू लागला, तेव्हा आपण त्याला थांबवून आधी त्यांना विचारायला लावलेत. आजोबा म्हणाले, "पायऱ्या पाठ आहेत रे बाळा, माझ्या चपला कुठे सरकल्या तेवढं बघ." त्यांना हवे होते एवढेच, आणि विचारले नसते तर ते कधीच कळले नसते. पुढे कोणाला सोबत हवी असेल तर हात ओढायचा नाही, आपला कोपर त्यांना धरू द्यायचा, हेही आपण त्याला शिकवलेत.

2021 च्या जुलैमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. नावेतून लोकांना आणायला जातो, असा त्याने हट्ट धरला होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना पुरातून बाहेर काढणारी नाव उलटून किती घरे उजाड झाली, हे आपण त्याला शांतपणे सांगितलेत आणि नावेचे काम जाणत्यांवर सोपवायला लावलेत. मात्र त्याला रिकामे बसवले नाहीत. पाणी ओसरल्यावर सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर भागात मोठ्या मुलांसोबत दारोदारी जाऊन काय हवे ते वहीत लिहून आणण्याचे काम आपण त्याला दिलेत. बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांची गाठोडी कोपऱ्यावर भिजत पडली होती आणि त्याच्या वहीत मात्र खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि सॅनिटरी पॅड लिहिलेले होते. ती यादी पाहून मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पुढची खरेदी बदलली. त्या वयाच्या मुलाच्या हातून याहून मोलाची मदत झाली असती असे मला वाटत नाही.

आपण सांगितलेली आणखी एक गोष्ट मी ओळखीच्या प्रत्येक आईबापांना सांगत असते: अनोळखी मोठ्या माणसाला खरोखर मदत हवी असेल तर तो मोठ्यांकडे मागेल, एकट्या मुलाला "माझ्याबरोबर चल" असे म्हणणार नाही, कोणी तसे म्हणालेच तर मुलाने त्याच्यासोबत न जाता घरच्या किंवा ओळखीच्या मोठ्या माणसाला बोलवावे. एवढे सांगितल्याने मूल निष्ठुर होत नाही, हे मी माझ्याच घरात पाहते आहे. आता तो मित्राचा गृहपाठ लिहून देत नाही. शेजारी बसून पहिले गणित समजावतो आणि दुसरे मित्राला सोडवू देतो.

काका, यासाठी आपण कधी एक पैसा घेतला नाहीत आणि कोणाकडून शब्दाची अपेक्षाही ठेवली नाहीत. आमच्या कुटुंबाच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक आभार मानते. यंदा त्याची दहावीची परीक्षा आटोपली की लहान मुलांच्या तुकडीसाठी घाटावर दोरी आणि कॅन सांभाळायला यायची त्याची इच्छा आहे. आपल्याला योग्य वाटल्यास त्याला अवश्य बोलवावे.

आपली कृतज्ञ,
एक आई, सांगली