ऐरोलीच्या अभ्यासिकेतल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण त्या संध्याकाळी अभ्यासिकेत तुम्ही जे केलंत, त्याचे आभार चारचौघांत मानल्याशिवाय चैन पडणार नाही.

ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासने पूर्ण फी घेऊन मुलांना जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला प्रोजेक्ट मायएसक्यूएल या डेटाबेसला, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडायला दिला होता. जोडला जाईना, तेव्हा क्लासचं उत्तर ठरलेलं: "काढून टाका, परत इन्स्टॉल करा." अशाने मायएसक्यूएलचा जुना सर्व्हर मागे चालूच राहिला, तर ३३०६ पोर्ट, म्हणजे त्याच्याशी बोलायचं ठरलेलं दार, त्याच्याच ताब्यात असतो. नवा सुरूच होत नाही, नाहीतर ३३०७ वर बसवावा लागतो, आणि प्रोग्रॅम जुन्याचंच दार ठोठावत राहतो. एका अडचणीच्या दोन. फी घेणाऱ्यांना एवढं बघायला वेळ नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही ऑफिसातून आला होतात, बॅग खांद्यावरच होती. कीबोर्डला हातसुद्धा लावला नाहीत. अडलेल्या एका मुलाच्या शेजारी बसून म्हणालात, "लाल अक्षरं मोठ्याने वाच. शेवटपर्यंत वाच." 'ॲक्सेस डिनाइड', म्हणजे प्रवेश नाकारला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, ओळीच्या शेवटी कंसात काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं: 'यूजिंग पासवर्ड: नो'. तुम्ही तिथे बोट ठेवलंत. सर्व्हर चालू आहे, पोर्ट बरोबर आहे, जावाला मायएसक्यूएलशी बोलू देणारा ड्रायव्हर सापडलाय, नाहीतर इथवर आलोच नसतो. 'येस' असतं तर बहुतेक पासवर्ड चुकलाय. 'नो' म्हणजे पासवर्ड गेलाच नाही. मग फाइल त्या मुलानेच उघडली. क्लासच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, 'डीबी डॉट पासवर्ड', आणि क्लासच्याच कोडमध्ये 'डीबी डॉट पास'. नाव जुळलं नाही तरी जावा तिथे तक्रार करत नाही, गुपचूप नल, म्हणजे 'काहीच नाही', देऊन पुढे जाते.

त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड तुम्ही पाहिलात ना?

बाकीचंही मुलांनी वहीत उतरवून घेतलंय. 'नो सूटेबल ड्रायव्हर' आलं तर कनेक्टरची जार, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, क्लासपाथमध्ये (जावा फाइली शोधते त्या जागी) नाही, किंवा यूआरएलची, म्हणजे डेटाबेसच्या पत्त्याची, सुरुवात चुकली. 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' आलं तर बहुतेक वेळा सर्व्हर बंद किंवा पोर्ट भलताच. 'अननोन डेटाबेस' ही तर अर्धी चांगली बातमी, लॉगिन झालंय. आधी टर्मिनलवरून त्याच यूजरने आत जाऊन बघायचं. तिथे जमलं तर दोष प्रोग्रॅमकडे शोधायचा. आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, नावं अधिकच्या चिन्हाने चिकटवायची नाहीत. इंग्रजीत लिहिलेलं डि'सोझा आडनाव आलं की त्यातल्या एका चिन्हाने क्वेरी मोडते, म्हणून प्रिपेअर्ड स्टेटमेंट, ज्यात नाव क्वेरीपासून वेगळं पाठवलं जातं.

दिवसभर राबून, गर्दीतून घरी निघालेलं माणूस अनोळखी पोराच्या शेजारी बसतं, उत्तर माहीत असून गप्प राहतं आणि ते त्याला सापडू देतं. अशी माणसं या शहरात आहेत, म्हणून फी नसलेल्या अभ्यासिकेत मुलं शिकतात.

एक हक्काची विनंती. एका प्रोजेक्टमध्ये कनेक्शन उघडतं पण मिटत नाही. मायएसक्यूएलची मूळची १५१ ची मर्यादा भरली की 'टू मेनी कनेक्शन्स' येतं. काम संपलं की कनेक्शन आपोआप मिटवणारी जावाची रचना, ट्राय-विथ-रिसोर्सेस, वापरा, असं सांगून झालंय. पण मुलांना ते तुमच्याकडून समजून घ्यायचंय. एखाद्या शनिवारी याल?

तुमचे ऋणी,
अभ्यासिकेतले आम्ही सगळे