बारा गावचं पाणी प्यायलेला सिमेओने: चि. सायलीस पत्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पंधरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल संघ तुझ्याकडे आला, आणि पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस की सिमेओनेचा ४-४-२ (चौघं बचावात, चौघं मध्ये, दोघं पुढे) या मुलींना कसा शिकवायचा. फोनवर ते सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. आधी अर्जेंटिनाकडून मधल्या फळीत खेळलेल्या आणि पुढे मॅनेजर झालेल्या त्या माणसाची कारकीर्द नीट समजून घे. फळ्यावर चार-चारच्या दोन रांगा कुणीही काढतो. त्या रांगांना शिस्त कशी लागते हे कळायला हा माणूस खेळाडू म्हणून कुठं कुठं राहिला आणि तिथं कसलं काम त्याच्या वाट्याला आलं, ते बघावं लागतं.

दिएगो सिमेओनेचा जन्म २८ एप्रिल १९७० चा, ब्यूनॉस आयर्सचा. १९८७ मध्ये, सतराव्या वर्षी तो तिथल्याच वेलेझ सार्सफिल्ड क्लबच्या पहिल्या संघात आला. १९९० मध्ये इटलीत पिसाला गेला. पिसा लहान क्लब, पहिल्याच मोसमात खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. सिमेओने तिथून निघाला नाही, पुढचं वर्ष दुसऱ्या डिव्हिजनमध्येच खेळला. हे वर्ष लोक त्याच्या कारकिर्दीतून वगळून टाकतात, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. हरणाऱ्या संघात मिडफिल्डरच्या (मधल्या फळीतल्या खेळाडूच्या) पायात चेंडू कमी वेळ असतो. उरलेला सगळा वेळ आपण कुठं उभं राहायचं, एवढाच प्रश्न असतो. पुढं त्याने मॅनेजर म्हणून जे शिकवलं, त्याचं निम्मं उत्तर या प्रश्नात आहे.

१९९२ मध्ये तो स्पेनमध्ये सेव्हियाकडे गेला. मॅनेजर होते कार्लोस बिलार्डो, १९८६ चा वर्ल्ड कप अर्जेंटिनाला जिंकून देणारे. त्याच मोसमात माराडोनाही तिथं होता. असा खेळाडू संघात असला की बाकीच्यांनी चेंडू हिसकावायचा आणि लवकरात लवकर त्याच्या पायात द्यायचा. सिमेओनेने ते काम मन लावून केलं. पुढच्या वर्षी तिथंच लुईस आरागोनेस मॅनेजर झाले. दोन वर्षांत दोन मोठे गुरू मिळाले.

मग १९९४ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिद. पहिला मोसम वाईट गेला, क्लब कसाबसा तगला. १९९५ मध्ये राडोमिर अँटिच आले आणि त्याच मोसमात संघाने लीग आणि कोपा देल रे (स्पेनचा बाद पद्धतीचा चषक) दोन्ही जिंकले. सिमेओनेने लीगमध्ये १२ गोल केले. चेंडू हिसकावणाऱ्या मिडफिल्डरच्या नावावर १२ गोल! पेनल्टी बॉक्समध्ये तो उशिरा शिरायचा, डिफेंडरांची नजर स्ट्रायकरवर खिळल्यावर. अल्बासेतेविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात पहिला गोलही त्याचाच, हेडरने (डोक्याने मारलेला). त्या संघात पँटिच फ्री-किक आणि कॉर्नर घ्यायचा आणि अर्धी लढाई तिथंच जिंकली जायची.

१९९७ ते १९९९ इटलीतला इंटर. तिथं १९९८ चा युएफा कप, अंतिम सामन्यात इटलीच्याच लॅझिओवर ३-०. मग खुद्द लॅझिओकडेच, स्वेन-गोरान एरिक्सन यांच्या हाताखाली. १ एप्रिल २००० ला तुरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध एकच गोल झाला, तो सिमेओनेचा हेडर. लॅझिओने ती लीग ७२ गुणांवर जिंकली, युव्हेंटसचे ७१ झाले. म्हणजे तो एक हेडर नसता तर विजेतेपद नव्हतं. अर्जेंटिनाकडून १०६ सामने आणि तीन वर्ल्ड कप, १९९४, १९९८ आणि २००२. शेवटी पुन्हा अ‍ॅटलेटिको, मग मायदेशी रेसिंग क्लब, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये बूट काढले ते लगेच त्याच रेसिंगचा मॅनेजर व्हायला.

आता मॅनेजर म्हणूनही तो एका जागी थांबला नाही. २००६ मध्येच एस्टुडियांतेसला त्याने अपेर्तुरा (अर्जेंटिनाच्या मोसमातली पहिल्या अर्ध्या वर्षाची लीग) जिंकून दिली. गुण सारखे झाल्याने बोका ज्युनियर्सशी निर्णायक सामना झाला, तो २-१ ने घेतला. क्लबला २३ वर्षांनी विजेतेपद मिळालं. मग रिव्हर प्लेट. २००८ ची क्लाउसुरा (मोसमातली दुसऱ्या अर्ध्या वर्षाची लीग) जिंकली, आणि लगेच पुढच्या अपेर्तुरात रिव्हर तळाला गेला. विसाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर! नोव्हेंबरमध्ये सिमेओनेने राजीनामा दिला. मधल्या काळात गोलकीपर कारीझो लॅझिओला गेला, अ‍ॅलेक्सिस सांचेझ उदिनेसेकडे परतला, ओर्तेगालाही दुसरीकडे धाडलं. कण्यातले तीन मणके काढले तर उरलेल्यांचं कौशल्य कितीही असो, रांग सरळ राहत नाही. तुझ्या संघातही वार्षिक परीक्षेच्या वेळी दोन-तीन मुली गळतील. गोलकीपर, एक सेंटर-बॅक (बचावफळीच्या मधली) आणि एक सेंट्रल मिडफिल्डर, या तीन जागांना आजपासूनच दुसरी मुलगी तयार ठेव. बाकीच्या जागा नंतर बघता येतात.

सॅन लोरेन्झोमध्ये फारसं काही घडलं नाही. जानेवारी २०११ मध्ये तो सिसिलीतल्या कातानियाकडे गेला, घसरणीची भीती असलेला संघ हातात घेऊन पाच महिन्यांत वाचवला. पुन्हा रेसिंग, अपेर्तुरात दुसरा क्रमांक. आणि डिसेंबर २०११ मध्ये अ‍ॅटलेटिकोने बोलावलं. क्लब लीगमध्ये दहावा होता आणि तिसऱ्या डिव्हिजनमधल्या अल्बासेतेने त्याला कोपातून बाहेर काढलं होतं. सिमेओनेचा पहिला सामना मलागात ०-० सुटला. त्या मे महिन्यात युरोपा लीग, पुढच्या मेमध्ये रेयाल माद्रिदला त्यांच्याच बर्नाबेऊ मैदानावर २-१ हरवून कोपा, २०१४ मध्ये ९० गुणांसह लीग. त्या लीगमध्ये ३८ सामन्यांत २६ गोल खाल्ले. २०१५-१६ मध्ये फक्त १८.

आता तुझ्या कामाचं. त्या संघात दोन कडांना कोके आणि आर्दा तुरान असायचे. दोघंही मूळचे मधले खेळाडू, कडेने धावणारे विंगर नव्हेत. सगळी गंमत इथं आहे. चेंडू समोरच्याकडे गेला की हे दोघं आत सरकायचे, आणि मधली फळी चौघांची अरुंद भिंत व्हायची. मधून वाट नाही म्हणून समोरचा कडेला जायचा, आणि कडेची रेषा हा आपला फुकटचा बारावा डिफेंडर. तिथं फुलबॅक (बचावफळीतला कडेचा खेळाडू), बाहेरचा मिडफिल्डर, जवळचा सेंट्रल मिडफिल्डर आणि जवळचा स्ट्रायकर असे चौघं मिळून कोंडी करायचे. तेव्हा तुझ्याकडची सर्वांत वेगवान मुलगी डोळे झाकून विंगवर लावू नकोस. तिला स्ट्रायकर कर. कडेला अशा मुली लाव ज्यांना चेंडू नसतानाही मान वळवून बघायची सवय आहे.

अंतरं अशी धर: एका फळीतल्या शेजारच्या दोघींत ८ ते १० मीटर, बचावफळी आणि मधली फळी यांत १० ते १२, मधली फळी आणि स्ट्रायकर यांत साधारण १०. म्हणजे पहिल्यापासून शेवटच्या मुलीपर्यंत २० ते २२ मीटर. मुलींना मीटर कळत नाहीत, तेव्हा सुरुवातीला ८ मीटरची दोरी दोघी-दोघींच्या हातात दे. दोरी लोळली तर जवळ आलात, ताणली तर लांब गेलात.

पहिले दोन आठवडे चेंडू न लाथाडता शिकव. मैदानाच्या रुंदीत पाच रंगांचे कोन ठेव, आठ मुलींच्या दोन फळ्या कर. तू रंग पुकारलास की तिथं चेंडू आहे असं समजून सगळ्यांनी सरकायचं. सर्वांत जवळची मुलगी कोनाच्या दीड-दोन मीटरवर जाऊन थांबेल, तिच्या शेजारच्या तिच्या मागे तिरक्या उभ्या राहतील, आणि लांबच्या कडेची मुलगी मैदानाच्या मध्यापर्यंत आत येईल. ही शेवटची मुलगी हमखास चुकते. तिला समोरच्या संघाची कडेची विंगर एकटी सुटली असं वाटतं आणि ती रेषेला चिकटून राहते. तिला समजाव की चेंडू तिथं पोचायला हवेतून लांब पास लागतो, आणि तो हवेत असताना तिला पळत जायला वेळ मिळतो. सहा-सात मिनिटांच्या वर हा सराव नको, मुली कंटाळतात आणि पाय ओढायला लागतात.

त्यानंतर ५० बाय ४० मीटरच्या चौकोनात आठ विरुद्ध आठ. हल्ला करणाऱ्यांना गोल नाहीच. दोन फळ्यांच्या मधल्या पट्ट्यात उभ्या असलेल्या आपल्या मुलीला पास पोचला की एक गुण. चार मिनिटांचा एक डाव, असे चार, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चेंडूवर तुटून कधी पडायचं याच्या तीनच खुणा दे: पास मागे गेला, चेंडू पायातून निसटला, किंवा घेणारीची पाठ आपल्याकडे आहे. यातलं काही नसेल तर जागेवर थांबायचं.

इथंच घोडं पेंड खातं. उत्साही मुलगी एकटीच धावून जाते, बाकीच्या जागेवर राहतात, आणि तिच्या मागे भगदाड पडतं. तिला रागावू नकोस. चूक तिच्या शेजारणींची असते. एक गेली की दोन्ही बाजूच्या दोघींनी गेलंच पाहिजे. दुसरा बिघाड स्ट्रायकरांचा. आपला हल्ला फसला की त्या कंबरेवर हात ठेवून वर उभ्या राहतात, मग समोरची मागची मिडफिल्डर आरामात मान वर करून पास देते. अ‍ॅटलेटिकोत दिएगो कोस्टा आणि दाविद व्हिया यांच्यासारखे गोल करणारेही मध्यरेषेच्या मागे येऊन तिच्यासारख्या खेळाडूच्या समोर उभे राहायचे. तिसरा बिघाड दमल्यावर होतो: बचावफळी मागे मागे सरकत गोलकीपरच्या अंगावर जाते आणि मधली फळी पुढेच राहते. चेंडू मागे गेला की सेंटर-बॅकने ओरडून सगळ्यांना चार-पाच पावलं वर काढायचं, हे काम एका ठराविक मुलीच्या नावाने लावून दे.

कॉर्नर पहिल्या महिन्यात दोनच शिकव: एक जवळच्या खांबावर, एक लांबच्या. २०१४ मध्ये एका आठवड्यात त्याच्या संघातल्या सेंटर-बॅक गोदीनने दोन मोठ्या सामन्यांत गोल केले, १७ मे रोजी बार्सिलोनाविरुद्ध आणि २४ मे रोजी लिस्बनच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये. दोन्ही हेडर, आणि दोन्हींची सुरुवात कॉर्नरपासून.

ती लिस्बनची फायनल मात्र सिमेओनेच्या हातून कशी निसटली तेही बघ. दुखापतीतून सावरत असलेल्या कोस्टाला त्याने पहिल्यापासून उतरवलं आणि नवव्या मिनिटाला बाहेर काढावं लागलं. एक बदली गेली. ८३ व्या मिनिटापर्यंत तिन्ही संपल्या होत्या. भरपाई वेळेत, ९३ व्या मिनिटाला रेयालच्या रामोसने बरोबरी केली, आणि जादा वेळेत दमलेल्या संघात ताजे पाय घालायला काहीच उरलं नव्हतं. ४-१. अर्धवट बरी झालेली मुलगी कितीही रडली, तिच्या आईवडिलांनी कितीही गळ घातली, तरी तिला सुरुवातीला उतरवू नकोस. तुला दोन्ही गोष्टींचा हिशेब चुकवावा लागेल, सामन्याचा आणि तिच्या पायाचा.

त्याच्याकडून घेऊ नये असंही काही आहे. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडच्या बेकहॅमने लाथ मारल्यावर आपण जास्तच नाटक केलं, हे त्याने स्वतः नंतर कबूल केलं. लिस्बनला तो शेवटी मैदानात धावत गेला आणि बाहेर काढला गेला. डग-आऊटमधल्या (मैदानाच्या कडेला बसणाऱ्या) माणसाचा तोल गेला की मुलींचा जातोच, विशेषतः या वयात.

आणि ४-४-२ ला चिकटून बसायचं नाही, हेही त्याच्याकडूनच शीक. २०२०-२१ ची लीग त्याने बऱ्याचदा तीन सेंटर-बॅक लावून जिंकली. विंगर असलेल्या कारास्कोला डावीकडे विंग-बॅक (कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारा) केलं, पुढे सुआरेझ ठेवला. त्याने २१ गोल केले. संघाचे ८६ गुण झाले, रेयालचे ८४. हातात कोण आहे ते बघून रांग बदलली, अंतरं तीच ठेवली.

येत्या रविवारी १७ मे २०१४ चा बार्सिलोनाचा सामना पूर्ण बघ. सोळाव्या मिनिटाला कोस्टा आणि तेविसाव्या मिनिटाला तुरान जखमी होऊन बाहेर जातात, आद्रियान आणि राऊल गार्सिया येतात, ३४ व्या मिनिटाला बार्सिलोना गोल करतं. त्या गोलपासून गोदीनच्या ४९ व्या मिनिटाच्या हेडरपर्यंत चेंडूकडे अजिबात बघू नकोस, फक्त लांबच्या कडेच्या मिडफिल्डरकडे बघ. तो दर वेळी किती आत येतो ते कागदावर खुणा करून ठेव, आणि सोमवारच्या सरावाला तो कागद घेऊन जा. पुढच्या पत्रात थ्रो-इनबद्दल लिहीन. मुली त्यात फार चेंडू गमावतात.

जेवणाची आबाळ करू नकोस. बाबांचेही आशीर्वाद.

तुझी,
आई