आधी अर्जावरचं नाव झाका

संपादक महोदय,
रिसर्च लॅबमध्ये विविधता हवी म्हटलं की लगेच पोस्टर, शपथ, एक दिवसाचं वर्कशॉप, ग्रुप फोटो, झालं काम. खरा निर्णय होतो तो अर्ज वाचताना आणि तिथे मात्र कोणी हात लावत नाही. अमेरिकेत २०१२ च्या एका अभ्यासात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दिला होता, कुणाला जॉनच्या नावाने कुणाला जेनिफरच्या, तर जॉनच जास्त लायक ठरला, पगारही त्यालाच जास्त सुचवला, आणि गंमत म्हणजे बाई प्राध्यापकांनीही हेच केलं! याउलट हबल या अवकाश दुर्बिणीवर निरीक्षणासाठी वेळ मागणाऱ्या प्रपोजलमधून २०१८ ला नावंच काढून टाकली, तर त्या फेरीत स्त्रियांचं मंजुरीचं प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं वर गेलं. मेरिट खाली येईल म्हणणाऱ्यांनी हे जरा बघावं. अर्थात नाव झाकून सगळं सुटत नाही, व्हीलचेअर बसेल असं टेबल, उशिरा संध्याकाळी न ठेवलेली मीटिंग, पेपरवर कोणाचं नाव आधी याचे लिहून ठेवलेले नियम हेही लागतंच. पण निदान पहिल्या फेरीत नाव, फोटो झाकायला पैसे तरी कुठे लागतात?

आपली,
एक संशोधक वाचक