खुले पत्र : सरकारी जागेतल्या गाजर गवताचं काय?

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

माझ्या शेताला लागून सरकारी पडीक जागा आहे. तिथलं गाजर गवत यंदा फुलायच्या आत काढून देतो, असा शब्द आपल्या माणसांनी दिला होता. ते आले परवा, बॅनर घेऊन. सगळीकडे पांढरी फुलं. प्रत्येकाने हातमोजे घालून एकेक झाड उपटलं, फोटो झाले, नाश्ता झाला. उपटलेली झाडं माझ्या बांधावर टाकून गाड्या गेल्या. बी तिथेच पडणार, हे माझी नववीतली नातसुद्धा सांगेल.

माझी मान, कोपरं, पापण्या, सगळं चरचरतं. रात्री खाजवून चादरीला रक्त लागतं. त्वचेचे डॉक्टर म्हणतात, या गवतात जाऊ नका. मग जाऊ कुठे, मंत्रालयात? मुलगा मला आता शेतात पाऊल टाकू देत नाही. उभा जन्म मातीत गेला आणि म्हातारपणी ओसरीवर बसून मलम चोळतोय.

आमच्या हद्दीतलं आम्ही ओल असताना मुळासकट उपटतो. पण एका झाडाला दहा हजार बिया म्हणे, कोणी पंचवीस हजार सांगतं. तुमच्या जागेतून येणारं बी कोण अडवणार? ग्लायफोसेट हे तणनाशक मारावं, तर २०२२ साली केंद्राने ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या हाती दिलं. आमच्या गावात असा एक माणूस दाखवा, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे मागितले, तर अर्ज अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय.

१९५५ च्या सुमारास हे गवत पुण्यात दिसलं, म्हणजे महाराष्ट्र राज्याहून वयाने मोठं. एवढ्या वर्षांत किती सरकारं आली, गाजर गवत निर्मूलनाचे किती सप्ताह साजरे झाले! मी बांध फूटभर सरकवला तर नोटीस येईल. ही जागा कोणाची विचारलं, की हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवतं. वसुलीच्या वेळी बरी सगळ्यांना हद्द सापडते!

ती जागा साफ करा. नाहीतर तसं लेखी द्या, आम्ही मजूर लावतो आणि बिल आपल्याकडे पाठवतो. पुढच्या पावसाआधी तिथे तरोट्याचं बीही टाकणार आहोत. तरोटा दाट उगवला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. फक्त सरकारी जागेत पेरणी केली म्हणून आमच्यावर गुन्हा दाखल करू नका.

आपला,
एक शेतकरी